पडद्यावरची कविता, पाटीवरची ओळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या मूकपटांवरच्या लेखात ‘द सेंटिमेंटल ब्लोक’ (‘ब्लोक’ म्हणजे गडी) या १९१९च्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा उल्लेख चार ओळींत आटोपला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रे एकत्र केली आहेत.

कवितेची सगळी मजा शब्दांत, आणि मूकपटात बोलणेच नाही. मग लोकप्रिय कवितेवर मूकपट काढण्यात हशील काय? (नाशिक)

मूकपटात आवाज नसतो, शब्द मात्र असतात. ते पाट्यांवर, म्हणजे दृश्यांच्या मध्ये दाखवलेल्या मजकुराच्या चौकटींवर येतात. या चित्रपटाचे यश पाट्यांच्या वापरातच आहे.

चित्रपट ज्यावर बेतला ते ऑस्ट्रेलियन कवी सी. जे. डेनिस यांचे ‘द साँग्ज ऑफ अ सेंटिमेंटल ब्लोक’ हे पुस्तक सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसन या प्रकाशकांनी ऑक्टोबर १९१५मध्ये काढले. चौदा कविता, पण गोष्ट एकच. बिल हा गल्लीतला मवाली. दारू, मारामारी आणि ‘टू-अप’ हा दोन नाणी उडवून खेळायचा जुगार, यांत त्याचे दिवस जातात. डोरीन लोणच्याच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले चिकटवते. तिला पाहून हा गडी विरघळतो. पुढे भांडण, समेट, सासूबाई, लग्न, मित्राबरोबर रात्रभर बाहेर राहून घरी परतल्यावरची शरम, शेतीवर बसलेले बिऱ्हाड आणि शेवटी बाळ. गोष्टीत एवढेच आहे. पण ती सांगतो स्वतः बिल, आणि तीही रस्त्यावरच्या रांगड्या बोलीत. पहिल्या दीड वर्षात साठ हजारांहून जास्त प्रती खपल्या. महायुद्ध चालू होते, तेव्हा खंदकातल्या सैनिकांसाठी खिशात मावेल अशी छोटी आवृत्तीही निघाली. रंगमंचावर या कवितांची जाहीर वाचने होत. थोडक्यात, प्रेक्षक थिएटरात यायचा तोच ओळी तोंडपाठ करून.

दिग्दर्शक रेमंड लाँगफर्ड यांनी याचा अचूक फायदा घेतला. गोष्टीचा गद्य सारांश पाट्यांवर घालण्याऐवजी त्यांनी बिलच्या तोंडच्या ओळी घातल्या. त्यामुळे पाटीवर बिल स्वतःविषयी काय समजतो ते येते, आणि चित्रात तो इतरांना कसा दिसतो ते येते. विनोद या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. बिल आणि डोरीन ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पाहायला जातात तो प्रसंग घ्या. रंगमंचावरच्या तलवारबाजीत बिलला आपल्या गल्लीतली हाणामारी दिसते, तो भान विसरून ‘घाल लाथ!’ असे ओरडतो आणि डोरीन त्याला गप्प करते. पुस्तकात रंगमंच आपण कल्पनेने उभा करायचा असतो. पडद्यावर नाटक दिसते, ते पाहणाऱ्या बिलचा चेहरा दिसतो आणि पाटीवर त्याचे भाष्यही वाचायला मिळते. हा प्रसंग पुस्तकापेक्षा चित्रपटात सरस झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सगळ्याच कविता अशा वळत नाहीत. याच पुस्तकात दिवस आणि रात्र यांच्या झुंजीवर एक आख्खी कविता आहे. ती वाचायला झकास, पण कॅमेऱ्याला धरायला तिच्यात काही नाही. ज्या कवितेत माणसे काहीतरी करतात तीच पडद्यावर टिकते.

अभिनयाचेही सांगायला हवे. बिल झालेला आर्थर टॉचर्ट हा करमणुकीच्या रंगमंचावरचा विनोदी नट होता. अंगाने आडवा, चेहरा राकट, रूढ अर्थाने नायक मुळीच नव्हे. पाटीवर छंद आणि यमक असल्यामुळे भावना तिथेच भरपूर येते. नटाने वर आणखी हातवारे केले असते तर सगळे ओव्हर झाले असते. इथे नट हात आखडता ठेवतात, म्हणून शंभर वर्षांनंतरही तो अभिनय जुनाट वाटत नाही.

आम्ही मेलबर्नमध्ये राहतो. डेनिसचा बिल इथला, असे इथे सगळे सांगतात. पण चित्रपटात ओळखीचे काहीच दिसत नाही. (मेलबर्न)

दिसणार नाही. कवितेतल्या गल्ल्या मेलबर्नच्या, पण चित्रीकरण १९१८मध्ये सिडनीत झाले, मुख्यतः वुलूमूलू या गोदीलगतच्या कष्टकरी वस्तीत. पैसा ॲडलेडच्या सदर्न क्रॉस कंपनीचा होता, खर्च सुमारे दोन हजार पौंड. पहिला खेळ २६ नोव्हेंबर १९१८ रोजी ॲडलेडमध्ये झाला आणि रीतसर प्रदर्शन ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तुमच्याच मेलबर्न टाउन हॉलमध्ये. मेलबर्नच्या प्रेक्षकांनी सिडनीच्या गल्ल्या बिनतक्रार आपल्या मानल्या, कारण भिंती, पायऱ्या, कुंपणे, वाळत घातलेले कपडे हे सगळे खरे होते.

आमच्या महाविद्यालयातली मुले एका जुन्या मराठी कथाकाव्यावर पंधरा मिनिटांचा मूकपट करत आहेत. पाट्या किती, किती शब्दांच्या आणि किती वेळ ठेवाव्यात? पहिल्या प्रयत्नात सगळे कंटाळले. (कोल्हापूर)

कंटाळण्याचे कारण बहुधा एकच असते: जे चित्रात दिसते तेच पाटीवर पुन्हा लिहिलेले असते.

आधी कविता कागदावर छापून घ्या, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जी ओळ कृती सांगते (‘तो दार लोटतो’) तिला एक रंग. जी ओळ मनातले सांगते, टोमणा मारते किंवा विनोद करते तिला दुसरा. जी काळ-स्थळ सांगते तिला तिसरा. पहिल्या रंगाच्या ओळी पाटीवरून सरळ काढून टाका, त्या चित्रित करायच्या आहेत. तिसऱ्या रंगाच्या ओळींपैकी निम्म्या तरी एखाद्या दृश्याने भागतात. कंदील पेटवलेला दाखवला की ‘रात्र झाली’ लिहायला नको. उरतात त्या दुसऱ्या रंगाच्या ओळी. पाट्या त्यांच्याच करायच्या.

आता मोजमाप. मूकपटाच्या काळात शब्दामागे साधारण फूटभर फिल्म धरत. ३५ मिमी रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने शब्दामागे एक सेकंद. डेनिसच्या पहिल्या कवितेतले सुरुवातीचे चार चरण, ज्यांत बिल म्हणतो की जग माझ्यावर रुसलेय आणि नशिबाने मला डावा ठोसा हाणलाय, ते इंग्रजीत ३१ शब्दांचे आहेत. अख्खे कडवे एका पाटीवर टाकले तर अर्धा मिनिट पडदा नुसता अक्षरांनी भरलेला राहील. म्हणून कडवे फोडायचे: दोन चरण, मग चेहरा, मग उरलेले दोन चरण. फोडताना यमक जिथे पुरे होते तिथे थांबा, नाहीतर वाचणाऱ्याला पाटी तुटल्यासारखी वाटते.

मराठीत एका पाटीवर आठ-दहा शब्द, दोन ओळी, फार तर तीन. वेळ ठरवण्याची खात्रीची रीत अशी: ज्याने कविता वाचलेली नाही अशा माणसाकडून ती पाटी चालीत मोठ्याने वाचून घ्या, वेळ मोजा आणि त्यात दीड सेकंद मिळवा. मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः वेळ मोजू नये, त्याला ओळी पाठ असतात. छंदातली ओळ गद्यापेक्षा सावकाश वाचली जाते, हे हमखास विसरले जाते. पंधरा मिनिटांच्या चित्रपटात पाट्यांचा एकूण वेळ तीन मिनिटांच्या पुढे गेला तर काटछाट करा.

पाटी कुठे कापावी? संवाद असेल तर नटाचे ओठ हलू लागले की लगेच पाटी, आणि परत येताना तो वाक्य संपवत असलेला दिसावा. विनोद असेल तर क्रम ठरवून घ्या. पाटीने अपेक्षा उभी करायची आणि चित्राने ती मोडायची, किंवा उलट. दोन्हीकडे तोच विनोद आला की दोन्ही फुकट.

अक्षरांबाबत: देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या तर मात्रा एकमेकींत अडकतात. अक्षराच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा दोन ओळींत ठेवा. चारही बाजूंनी दहा टक्के कडा रिकामी सोडा, कारण प्रोजेक्टर कडा खातो. पांढरे शुभ्र अक्षर काळ्यावर डोळ्यांना झगमगते. किंचित राखाडी छटा घ्या.

यूट्यूबवरच्या जुन्या मूकपटांत माणसे तुरुतुरु पळतात. तेव्हा कॅमेरेच तसे होते ना? (पुणे)

नाही. दोष कॅमेऱ्याचा नाही, दाखवणाऱ्याचा आहे. त्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवत. वेग सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या आसपास असे आणि तो प्रसंगागणिक थोडा बदले. बोलपट आल्यावर २४ हा वेग पक्का झाला. १८च्या वेगाने घेतलेली फिल्म २४ने चालवली की सगळे एक तृतीयांशाने जलद होते. हजार फुटांच्या रिळात १६,००० चौकटी असतात. सेकंदाला १६ने ते रीळ १६ मिनिटे ४० सेकंद चालते, १८ने पावणेपंधरा मिनिटांच्या जरा वर, आणि २४ने जेमतेम ११. ‘ब्लोक’सारख्या चित्रपटात हा फरक जीवघेणा ठरतो, कारण इथला विनोद थबकण्यात आहे. बिल डोरीनकडे पाहून काही क्षण गप्प उभा राहतो. तो थबकणे विसरला की पात्र संपले.

डिजिटल प्रतीत वेग दुरुस्त करायचा तर चौकटी पुन्हा वापरतात. १६चे २४ करताना दर दुसरी चौकट दोनदा दाखवायची (दोनाच्या तीन), १८साठी तिनाच्या चार, २०साठी पाचाच्या सहा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रेम ब्लेंडिंग’ (शेजारच्या चौकटी एकमेकींत मिसळण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर हलणाऱ्या हातामागे भुतासारखी सावली येते. योग्य वेग ओळखायला धावपळीचे दृश्य पाहू नका. कपात चहा ओतणे, जिना उतरणे, टोपी काढणे अशा कृती पाहा. त्यांचा वेग आपल्या अंगात बसलेला असतो.

जुन्या प्रतींत आणखी एक खोट आढळते. मूकपटाची चौकट फिल्मची पूर्ण रुंदी वापरते. बोलपटाच्या यंत्रावर तिची नक्कल काढली की ध्वनिपट्टीच्या जागेपुरती डावी कडा कापली जाते. माणूस विनाकारण डावीकडे खेटलेला दिसला तर समजावे, प्रत तशी आहे. छायाचित्रकाराला बोल लावू नये.

कृष्णधवल चित्रपटात निळी आणि पिवळी दृश्ये कशी? हे रंग आता कुणी भरले? (पणजी)

रंग तेव्हाचेच. छापलेली प्रिंट रंगाच्या पाण्यात बुडवत. चौकटीचा उजळ भाग त्या रंगाचा होई आणि काळा काळाच राही. रात्रीला निळा आणि दिव्याच्या उजेडाला पिवळसर तांबूस, हा सर्वसाधारण संकेत. रात्रीची दृश्ये भर उन्हात घेतलेली असत, त्यामुळे निळा रंग गेला की मध्यरात्री लख्ख ऊन पडलेले दिसते आणि गोष्टच कळेनाशी होते. रंग प्रिंटला दिला जाई, निगेटिव्हला नव्हे. म्हणून नुसती निगेटिव्ह किंवा कृष्णधवल नक्कल हाती आली तर मूळ रंगांची माहिती दुसरीकडून शोधावी लागते.

डोरीनचे काम करणाऱ्या लॉटी लायल यांना काही जण सहदिग्दर्शिका म्हणतात. खरे काय? (ठाणे)

पडद्यावर श्रेय लाँगफर्ड यांचे. पण पटकथा, संपादन आणि सेटवरची व्यवस्था यांत लायल यांचा वाटा मोठा होता हे आता सर्वमान्य आहे, आणि १९२१च्या ‘द ब्लू माउंटन्स मिस्टरी’साठी दोघांची नावे दिग्दर्शनात एकत्र येतात. १९२५मध्ये क्षयाने त्या गेल्या. त्यानंतर लाँगफर्ड यांचीही घडी विस्कटली. उतारवयात ते सिडनीच्या धक्क्यावर रात्रपाळीचे पहारेकरी होते.

हा चित्रपट टिकला कसा? आपल्याकडचे इतके मूकपट गेले, मग हाच का राहिला? (मुंबई)

नशिबाने, आणि एका चुकीच्या लेबलामुळे. ऑस्ट्रेलियात उरलेली प्रत झिजलेली होती. १९५५मध्ये ती सिडनी चित्रपट महोत्सवात दाखवल्यावर लोकांना तिची किंमत कळली. मग १९७३मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात चांगल्या दर्जाची ३५ मिमी प्रत निघाली. ती सापडत नव्हती, कारण डब्यावर ‘द सेंटिमेंटल ब्लाँड’ असे लिहिलेले होते. ‘ब्लोक’ म्हणजे काय हे अमेरिकेत कुणाला ठाऊक असणार! पण ही अमेरिकी आवृत्ती होती. तिथल्या प्रेक्षकांसाठी बोली बदललेली आणि लांबी कमी केलेली. म्हणून चित्र मुख्यतः अमेरिकी प्रतीतून आणि पाट्या व गाळलेला भाग ऑस्ट्रेलियन प्रतीतून, असा मेळ कॅनबेराच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने घातला. तो २००४मध्ये जेन अँडरसन यांच्या नव्या संगीतासह पडद्यावर आला. लांबी सुमारे पावणेदोन तास.

असा मेळ घालताना अडचण येते ती पाट्यांची. अनेक जुन्या निगेटिव्हांत पाटी दोन-चार चौकटींपुरतीच ठेवलेली असते आणि छापताना ती लांबवायची असते. हे माहीत नसेल तर नव्या प्रतीत पाटी वीज चमकावी तशी येऊन जाते.

आपल्याकडच्या नुकसानीचे मोठे कारण नायट्रेट फिल्म, म्हणजे त्या काळी वापरात असलेली ज्वालाग्राही फिल्म. ती आधी पिवळट आणि फिकी पडते, मग चिकट होते, फोड येतात, रिळाचा गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. कुजलेली नायट्रेट साध्या उन्हाळ्याच्या उष्णतेतही पेटू शकते आणि पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला लागलेल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा गेला. बाबूराव पेंटरांचा १९२५चा ‘सावकारी पाश’ हा मूकपट साध्या माणसांच्या जगण्याचा वेध घेण्यात ‘ब्लोक’च्या जवळचा, तो आज पाहायला मिळत नाही. कुणाच्या घरी १९५१च्या आधीची ३५ मिमी फिल्म असेल तर ती नायट्रेट असू शकते; डबा खिळखिळा करून उघडू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, हवेशीर थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

आमच्या चित्रपट मंडळाला ‘ब्लोक’ जिवंत संगीतासह आणि मराठीत दाखवायचा आहे. तयारी काय करावी? (सोलापूर)

परवानगीपासून सुरू करा. मूळ चित्रपट जुना असला तरी नव्याने तयार केलेल्या प्रतीचे आणि नव्या संगीताचे हक्क वेगळे असतात. कॅनबेराच्या संग्रहालयाला विचारूनच प्रत घ्या, आणि संगीत तुम्ही वाजवणार हे आधी कळवा.

पडद्यावर चित्र चारास तीन मापात (रुंदी चार, उंची तीन) दिसले पाहिजे. टीव्ही किंवा प्रोजेक्टर ते ताणून रुंद करतो, तो पर्याय बंद करा. हालचाल ‘गुळगुळीत’ करणारी सोयही बंद करा.

वाजवणारे दोन-तीन पुरेत: पेटी, व्हायोलिन, तालाला काहीतरी. आपल्याकडे मूकपटांपुढे पेटी-तबला असायचाच. चित्रपट एकदा पाहून त्याचे वीस-पंचवीस तुकडे पाडा आणि प्रत्येकासमोर कोणत्या दृश्याने सुरू होतो, किती मिनिटांचा आणि कोणती चाल, एवढे लिहा. सरावाला तीच प्रत आणि तोच वेग हवा. मोबाइलवर वेगळी प्रत पाहून केलेला सराव कार्यक्रमात फसतो. छंदातली पाटी आली की ताल थांबवा, पेटीवर एक सूर धरून ठेवा. ठेका चालू राहिला तर कवितेचा छंद आणि तबल्याचा ठेका एकमेकांवर आदळतात आणि प्रेक्षक वाचणे सोडून देतो. पडणे, आपटणे यांना प्रत्येक वेळी थाप देण्याचा मोह होईल. चित्रपटभर चार-पाचदा, बस्स.

मराठीसाठी पडद्याखाली दुसरी ओळ दाखवण्यापेक्षा वाचणारा माणूस बसवा. पाटी आठ सेकंदांची असेल तर मराठी मजकूर पंधरा शब्दांच्या आत हवा आणि पाटी जाण्याआधी सेकंदभर संपला पाहिजे, नाहीतर पुढचा चेहरा वाया जातो. बिलसाठी कोणतीही एकच बोली धरा. सोलापुरी घेतली तर शेवटपर्यंत सोलापुरी; मध्येच पुस्तकी वाक्य आले की तो बिल राहत नाही. आवाज काढून विनोद करू नका, बिल स्वतःला विनोदी समजत नाही. डोरीनचे आणि इतरांचे संवादही त्याच एका वाचकाने वाचावेत, कारण सगळी गोष्ट सांगतो बिलच. वाचणाऱ्याच्या टेबलावरचा दिवा पडद्याकडे पाठ करून, कागदापुरता.

याचा पुढचा भाग निघाला का? कवितेवरचा दुसरा एखादा मूकपट सुचवाल? (औरंगाबाद)

बिलच्या मित्रावरचा ‘जिंजर मिक’ लाँगफर्ड यांनीच १९२०मध्ये केला, तो हरवला आहे. ‘ब्लोक’चा बोलपट १९३२मध्ये एफ. डब्ल्यू. थ्रिंग यांनी काढला. पाहायचाच तर स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्त्रोम यांचा ‘टेर्ये विगेन’ (१९१७) पाहा, सुमारे तासाभराचा. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या १८६२च्या कवितेवर आहे. इंग्रजांच्या नाकेबंदीत बायकोमुलीसाठी धान्य आणायला एक नॉर्वेजियन खलाशी वल्ही मारत डेन्मार्क गाठतो, आणि परतताना पकडला जातो. पाट्यांवर इथेही मूळ कवितेच्याच ओळी आहेत, पण सांगणारा खलाशी स्वतः नाही, दुसराच कुणी दुरून सांगतो. पाट्यांतला हा फरक कळायचा तर आधी ‘ब्लोक’ पाहा आणि मग हा.